व्हॉइसवाले सर

सरांची बदली झाल्याचं कळलं तेव्हा प्रशालेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पाऊस पडला. "असे शिक्षक पुन्हा होणे नाही." "सरांनी आम्हाला घडवलं." ज्यांनी हे टाइप केलं त्यातल्या निम्म्यांची पोरं, भाचरं, बहिणी त्याच शाळेत आहेत. सरांवर चौकशी बसली तेव्हा यातलं एक माणूस गेटपर्यंत आलं नाही. तोंड उघडलं ते फक्त मी, आणि मी सरांच्या विरोधात उघडलं. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते. पुढं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सर म्हणजे बुटके, अंगानं वाळके, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि तिन्ही कोरडी. गळ्यात मागावरच्या सुताची वळलेली दोरी आणि तिला लटकवलेला मोबाईल. मोबाईलची काच कोपऱ्यातून तडकलेली. एका कानात इयरफोन. दुसरा कायम मोकळा, लोंबकळत. नवीन माणसाला वाटायचं, सर मॅच ऐकतायत. सर पोरं ऐकत असायचे.

त्याचं असं होतं. आमची शाळा शहराच्या पूर्व भागात, चारी बाजूंनी यंत्रमागाचे कारखाने. वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी दखनी, आणि उरलेली माझ्यासारखी, आईवडील मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेले. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. पुस्तक सगळ्यांचं एकच, मराठी. सगळे धडाधडा वाचायचे. वाचून झालं की मास्तर विचारायचे, "समजलं का?" आणि साठ तोंडं एका सुरात, "हो सर."

सरांनी "समजलं का" हा प्रश्न आयुष्यात कधी विचारला नाही. ते म्हणायचे, "त्या प्रश्नाला एकच उत्तर असतंय, म्हणून तो प्रश्नच न्हाय." सर वैरागकडचे. वर्गात प्रमाण मराठी बोलायचे, पण चिडले की गावाकडं जायचे.

त्यांची पद्धत ही. शाळेत एक उतारा वाचायचा. घरी गेल्यावर, घरातला फोन हाताला लागेल तेव्हा, पुस्तक मिटून एक मिनिटाची व्हॉइस नोट वर्गाच्या ग्रुपवर पाठवायची. उताऱ्यात काय आहे ते सांगायचं. कुठल्याही भाषेत. घरातला फोन म्हणजे बापाचा फोन, आणि बाप कारखान्यात. म्हणून नोट यायची ती रात्रपाळीआधी, बाप चहाला टेकला की त्याच्या हातातून फोन ओढून. पोरगं उतारा सांगतंय आणि मागं माग खडखडतोय. सर दुसऱ्या दिवशी सकाळी चालत शाळेला यायचे, घरापासून तीन किलोमीटर, आणि येता येता साठच्या साठ ऐकायचे. म्हणून सगळा मोहल्ला त्यांना व्हॉइसवाले सर म्हणायचा.

सरांना तेलुगू येत नव्हतं. मग ते शाळेच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याजवळ थांबायचे आणि फोन त्याच्या कानाला लावायचे. "ही काय म्हणते?" चहावाला किटली खाली ठेवून ऐकायचा. "सर, ही म्हणते, त्या म्हातारीला राग आलाच नव्हता, ती नाटक करत होती." सर खूश. "बघ, हे पुस्तकात लिहिलेलंच न्हाय. हिनं ओळखलं." दखनीतली नोट असली की समोरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं. चाचा निकाल द्यायचे, "ये बच्चा पढ़्याच नै सर, इसका भाई बोलरा इसमें." असं करत करत आमचा गृहपाठ सगळ्या गल्लीनं तपासलेला असायचा. भाजी घ्यायला गेलं तर भाजीवाली विचारायची, "त्या धड्यातल्या पोराचं पुढं काय झालं गं?"

साठ नोटांना सर साठ उत्तरं द्यायचे. प्रत्येकाला एक प्रश्न. शाबास नाही, चूक नाही, मार्क नाहीत.

आठवीत मी पाठवलेली पहिली नोट मला पाठ आहे. "लेखकाने या पाठातून पाण्याचे महत्त्व अतिशय सुंदर शब्दांत पटवून दिले आहे." सरांचा प्रश्न आला, "हे गाईडनं सांगितलं. तू कुठं होतीस?" मला इतका राग आला की मी चार दिवस काही पाठवलं नाही. पाचव्या दिवशी चिडून पाठवलं, "सर, विहीर आटली तर ती बाई हसली का, हे मला कळंना." प्रश्न आला, "विहिरीत तिचं काय पडलं होतं?" मी पुस्तक उघडलं. तीन पानं मागं एका ओळीत तिची घागर पडली होती. ती ओळ मी दोनदा मोठ्यानं वाचली होती, वर्गात उभी राहून, खणखणीत आवाजात. आणि मला ती दिसलीच नव्हती.

तेव्हापासून मला वाचता येतं असं मी समजत होते. पुढं कळेलच किती येतं ते.

सरांना कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नसे. औषधाच्या खोक्यातली घडी, एसटी स्टँडवरच्या सूचना, लाइट बिलाची मागची बाजू. लग्नपत्रिका द्यायला गेलेल्या माणसाला समोर बसवून ते पत्रिका पूर्ण वाचायचे आणि म्हणायचे, "मुहूर्त इथं बारा पस्तीस आणि खाली बारा पंचावन्न. वीस मिनिटं नवरदेव काय करणार?" त्यामुळं लोक सरांना पत्रिका पोरांच्या हाती धाडायचे. स्वभाव चिवट, चिकट. माणूस कंटाळून निघून जाईल इतका.

आम्ही नववीत असताना नळदुर्गला सहल निघाली. पालकांच्या संमतीपत्राचं काम सरांकडं. पत्र छापून घरोघर गेलं, सह्या होऊन परत आलं. दुसऱ्या दिवशी सरांनी खिडक्यांना चादरी लावून वर्गात अंधार केला. त्यांचा एक प्रोजेक्टर होता, कुठल्याशा बंद पडलेल्या क्लासमधून आणलेला, खाली वीट लावून उभा करायचा. त्यावर ते उतारा भिंतीवर पाडायचे, आणि भिंगापुढं पुठ्ठा धरून एकेक वाक्य उघडायचे. त्या दिवशी भिंतीवर आमचं संमतीपत्र. पुठ्ठा सरकत सरकत चौथ्या वाक्यावर आला. "सहल संपल्यानंतर माझ्या पाल्यास घरी परत नेण्याची माझी इच्छा नाही."

खाली पालकाची सही. पुढचं पत्र, तेच वाक्य, खाली सही. पुढचं. माझ्या वडिलांची सही मी लांबून ओळखली.

सर म्हणाले, "आता तुम्ही सगळे माझे. मला एवढ्यांना भाकरी घालणं परवडायचं न्हाय, पण सही हाय, काय करणार."

हसून हसून पोट दुखलं. मग सरांनी एक पत्र बाजूला काढलं. सही नव्हती. ते पत्र एका विडी वळणाऱ्या बाईंकडून परत आलं होतं. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पोरीला मांडीशी बसवून पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायला लावलं, आणि चौथ्या वाक्याला विचारलं, "हे काय येड्यागत लिवलंय?" सर म्हणाले, "सगळ्या वस्तीत एका बाईला वाचता येत नव्हतं. वाचलं तिनंच."

मुख्याध्यापकांनी सरांना त्या दिवशी दोन तास उभं केलं. शाळेची बदनामी, पालकांची थट्टा. सरांनी लेखी माफी दिली. माफीनामा दोन पानी. मुख्याध्यापकांनी तो न वाचता फाईलला लावला, हेही सरांनीच आम्हाला सांगितलं, फार आनंदानं.

आता माझं सांगते. कॉलेजात गेले आणि विद्यार्थी संघटनेत शिरले. मला पत्रकं लिहिता यायला लागली. पत्रक लिहिणं म्हणजे काय, तर एका पानावर राग बसवायचा. मथळा एका ओळीत, शत्रू एक, मागणी एक. लोक उभ्या उभ्या वाचतात, म्हणून जो शब्द अडखळवतो तो काढायचा. हे मला चांगलं जमायचं. आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्याच इंग्रजी शाळेत पोरांना टॅब मिळाले, त्यावर वाचन सुधारण्याचं ॲप होतं. आमच्या मराठी प्रशालेला मात्र जुन्या कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप. यावर मी पत्रक काढलं. संस्थेच्या दारात आम्ही नऊ दिवस बसलो. उन्हानं चप्पल रस्त्याला चिकटायची असे दिवस. शेवटी एका कंपनीच्या मदतीतून टॅब आले. तो लढा बरोबर होता, आजही बरोबरच म्हणते. गरिबाच्या पोराला यंत्र मिळालं पाहिजे. फक्त यंत्र आल्यावर ते काय करतं, हे बघायची जबाबदारी कुणाची, हे आमच्या मागणीपत्रात नव्हतं.

ॲप असं होतं. टॅबवर उतारा येतो. बोटानं खाली सरकवत नेला की "वाचन पूर्ण". मग दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. वरती घड्याळ पळतं. जितकं लवकर तितके तारे. मुख्याध्यापकांच्या खोलीत मोठा टीव्ही लावला आणि त्यावर प्रत्येक वर्गाचा एक ठिपका. बहुतेक वर्ग आठवड्याभरात हिरवे झाले. सरांचा नववीचा वर्ग लाल.

आढावा बैठकीला संघटनेकडून मला बोलावलं होतं. पुढच्या रांगेत बसले होते. कंपनीचा समन्वयक होता, कॉलरवर कंपनीचं चिन्ह. तो गोड बोलत होता.

"सर, तुमच्या क्लासचा रीडिंग टाइम फार जास्त येतोय."

"वाचतात ना ती."

"बरोबर आहे, पण सिस्टीममध्ये ते स्लो रीडर दिसतात. मुलं परत वर जातात, सर. खाली आलेली मुलं परत वर जातात."

"आधीचं बघायला जातात."

"पण त्यानं स्कोअर पडतो ना."

"मग तुमच्या सिस्टीमला म्हणावं, थांब की जरा. पोरगी येईल वाचून."

सगळे हसले. मीही हसले, पण सरांवर. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. आम्ही ऊन खाऊन मिळवलेली वस्तू याला नकोशी झाली.

नंतर सरांनी मुख्याध्यापकांना एक पत्र दिलं. पत्र तीन पानांचं. त्याच्या पहिल्या पानाचा फोटो दोन दिवसांत सगळ्या ग्रुपांवर फिरला. कुणी काढला, का काढला, ते मी तेव्हा विचारलं नाही. पहिलं वाक्य होतं, "हे टॅब आज आहेत तसे मी माझ्या वर्गात वापरणार नाही."

मी त्याच दिवशी पत्रक लिहायला बसले. मथळ्यात सरांचंच वाक्य घालायचं ठरवलं. ते एका ओळीत मावेना. मोठ्या टायपात "आज आहेत तसे" हे तीन शब्द बाहेर सांडत होते. मी ते काढले. द्वेष म्हणून नाही. जागा कमी होती म्हणून. "हे टॅब मी माझ्या वर्गात वापरणार नाही." खाली प्रश्न, गरिबाच्या पोराच्या हातातलं यंत्र काढून घेणारे तुम्ही कोण? उरलेली दोन पानं मी मागवलीसुद्धा नाहीत. कशाला मागवू? राग पुरेसा होता.

मजकूर संपला तरी तळाला चार ओळींची जागा उरली. तिथं मी लिहिलं, "आणि हेच शिक्षक विद्यार्थिनींकडून संध्याकाळच्या वेळी स्वतःच्या मोबाईलवर आवाज मागवतात. कशासाठी?"

मी खोटं काही लिहिलं नव्हतं. प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तीन वर्षं मी स्वतः त्या नोटा पाठवल्या होत्या. ग्रुप उघडा होता, साठ जण ऐकत होते, चहावाला ऐकत होता, हे मला माहीत होतं. शहरात ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी लिहिलं, कारण त्या चार ओळींनी पत्रक वाचलं जाणार होतं. आणि गेलं. माझं आजवरचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पत्रक तेच.

सरांनी काय केलं हे मला नंतर सवितानं सांगितलं. सविता ही तेव्हा सरांच्या नववीच्या वर्गात. घरी तेलुगू, वडील, म्हणजे तिचे नान्ना, मागावर, आई नाही. सरांकडं यायच्या आधी ती पुस्तक चालीवर म्हणायची, आणि वर्षभरात चाचा आणि चहावाला दोघंही तिच्या नोटेची वाट बघायला लागले होते. पत्रक वाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी खिडक्यांना चादरी लावल्या आणि भिंतीवर माझं पत्रक पाडलं. पुठ्ठ्यानं एकेक वाक्य उघडलं. "यात काय सांगितलंय? काय सांगितलं न्हाय?"

पोरं भांडली म्हणे. एक म्हणाला, सर, हे पत्रकवाले तुम्हाला शिव्या देतात. सर म्हणाले, शिवी कुठल्या शब्दात हाय ते दाखव. सविता म्हणाली, "सर, यांनी तुमचं पत्र वाचलेलं दिसत नाही. पत्रात काय आहे ते एकाही ओळीत नाही." सर खूश झाले. तळाच्या चार ओळी आल्या तेव्हा मात्र त्यांनी पुठ्ठा हलवला नाही. धरून उभे राहिले. तास संपेपर्यंत तसेच. पोरींनी त्या ओळी आधीच घरी वाचल्या होत्या. घरच्यांनीही.

पालक शाळेत आले. पाचपन्नास नव्हे, सात आले. सात पुरतात. संस्थेनं चौकशी लावली. सरांनी फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सगळ्या नोटा यात हायत. ऐका." समितीतल्या एकानं हात आडवा केला. "असलं काही इथं वाजवू नका." असलं काही. सर म्हणाले, "दोनच मिनिटं ऐका, एकीनं दुष्काळाच्या उताऱ्याबद्दल..." त्यांना थांबवलं. निर्णय दोन ओळींचा. विद्यार्थ्यांशी वैयक्तिक मोबाईलवर संपर्क ठेवल्याबद्दल, आणि पालकांचा रोष लक्षात घेता, संस्थेच्या मंगळवेढ्यापलीकडच्या शाखेत बदली. रोषाचा पुरावा म्हणून सोबत माझं पत्रक जोडलेलं. नोटा पुसून टाका, असंही बजावलं. हे सगळं मला शाळेतल्या क्लार्कनं सांगितलं. सांगताना त्यानं सरांच्या तीन पानी पत्राची झेरॉक्स माझ्यापुढं सरकवली. "आता तरी वाच."

मी शाळेच्या पायरीवर बसून वाचली. पहिलं पानही मी फोटोत पहिल्या वाक्यापलीकडं वाचलं नव्हतं; त्यावर सरांनी लिहिलं होतं की हिरव्या वर्गांतली पोरं उतारा न वाचता उत्तरं देतात. सगळ्यात लांब पर्याय दाबायचा, तो बहुधा बरोबर निघतो, हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. सरांनी एकदा त्यांना उतारा झाकून नुसते प्रश्न दिले, आणि बहुतेक पोरांना भरपूर तारे मिळाले. मग त्याच पोरांना त्यांनी "वाचन पूर्ण" केलेला एक उतारा सांगायला लावला तर एकालाही धड सांगता येईना. दुसऱ्या पानावर सरांनी मागितलं होतं ते असं: घड्याळ काढा. मागं जाणाऱ्याचे तारे कापू नका. पर्यायांऐवजी आवाजात सांगायची सोय द्या, घरच्या भाषेत, यंत्रात माईक आहेच की. चुकलं तर चूक म्हणू नका, उताऱ्यातली ती जागा उघडून दाखवा. तिसऱ्या पानाच्या शेवटी, "एवढं झालं तर टॅबसारखी दुसरी वस्तू नाही. माझा फोन साठ पोरं पेलत नाही. तेव्हा हे टॅब मला हवेच आहेत."

हवेच आहेत. आमच्या नऊ दिवसांच्या धरण्यात कुणी एवढं नेमकं मागितलं नव्हतं.

मी सरांना फोन केला. उचलला नाही. मग व्हॉइस नोट पाठवली, सव्वा मिनिटाची. तीन शब्द का काढले ते सांगितलं, चार ओळी का घातल्या ते सांगितलं, रडले पण. संध्याकाळी नोटेजवळचं माईकचं चिन्ह निळं झालं. म्हणजे ऐकली. मी बघत राहिले. प्रश्न आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही. आयुष्यात सरांनी बिनप्रश्नाची ठेवलेली ती एकच नोट असेल.

शाळेत आता दहावीही हिरवी आहे, नववीही. टीव्हीसमोर पाहुण्यांचे फोटो निघतात. आमच्या संघटनेच्या कार्यअहवालात "टॅबचा यशस्वी लढा" असं छापलंय, फोटोत मी डावीकडून दुसरी.

सविताला वडिलांनी शाळेतून काढलं. पत्रक वाटलं त्याच आठवड्यात. तिच्या वर्गावर दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली तरी ती घरातच. कुणी विचारलं तर वडील म्हणायचे, "त्या शाळेचं कागदात आलंय." मग मी दुसरं पत्रक काढलं आणि पहिलं ज्या गल्लीत वाटलं त्याच गल्लीत वाटलं. लोकांनी भजी बांधायला घेतलं. एक प्रत घेऊन सविताच्या घरी गेले. मागाला सुट्टीचा दिवस होता, वडील दारात खाटेवर बसलेले. मी त्यांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी ते न बघता सविताकडं दिलं.

सवितानं उभ्या उभ्या वाचलं नाही. उंबऱ्यावर बसली, पहिल्यापासून वाचलं, मध्ये एकदा वर गेली, परत खाली आली. माझ्या पत्रकाला इतका वेळ आजवर कुणी दिला नव्हता.

"ताई, यात लिहिलंय, सरांविषयी काही गैरसमज पसरले, त्याबद्दल संघटना दिलगीर आहे."

"हो."

"पसरले म्हणजे आपोआप पसरले का?"

तिनं बोट त्याच ओळीवर पुढं सरकवलं.

"आणि संघटना म्हणजे कोण? पहिलं कुणी लिहिलं ते दोन्ही कागदांवर नाही. हे नान्नांना वाचून दाखवलं तर ते म्हणतील, परत कुणीतरी काहीतरी लिहिलंय. मी काय सांगू त्यांना?"

आतून तिनं बॉलपेन आणून दिलं. मी पत्रकाच्या तळाला लिहिलं. हे पत्रक आणि आधीचं पत्रक, दोन्ही मी लिहिली. आधीच्यातलं शेवटचं मी लिहिलं तेव्हा मला माहीत होतं की तसं काही नाही. खाली माझं पूर्ण नाव. सवितानं ते घेतलं आणि वडिलांना सगळं तेलुगूत वाचून दाखवलं, सुरुवातीपासून. मला शब्द कळत नव्हते. पण माझं नाव कुठं आलं ते कळलं, कारण तिथं ते माझ्याकडं बघायला लागले.

मग ते मला समजावं म्हणून मराठीत बोलले.

"म्हंजे मास्तर चांगला हुता."

"हो."

"आता कुटं हाय?"

"मंगळवेढ्याच्या पुढं. तिथल्या शाखेत."

"परत येणार?"

"नाही. ऑर्डर झालीये."

"आन हे लिवणारी तू."

"हो."

त्यांनी पत्रकाची घडी केली आणि परत माझ्या हातात दिली. आवाज चढला नाही, रागही दिसला नाही. खरंच विचारावं तसं विचारलं.

"चांगला हुता तो तिकडं गेला. खोटं लिवणारी हितंच हाय. मग पोरीला शाळंत कुणाच्या भरवशावर धाडू?"